फळीवर आरास करायची, रुखवत नाही

माझ्या आत्याच्या डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये एक शोकेस आहे. साडेसहा फूट उंच, पाच फूट रुंद, पाच कप्पे, मधल्या दोन कप्प्यांना सरकत्या काचा. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघींनी ती रिकामी केली, तेव्हा निघालेल्या वस्तू मी सहज मोजल्या. १४३ भरल्या. शंखशिंपल्यांचे दोन गणपती, आत दिवा लागणारा ताजमहाल (दिवा केव्हाच गेलेला), आतोबांना मिळालेली सात स्मृतिचिन्हं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेल्या तीन बाहुल्या, 'पाहुण्यांसाठी' म्हणून जपलेला आणि एकाही पाहुण्याच्या हातात न गेलेला लेमन सेट. आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पितळी अडकित्ता.

"अगं बाई, हा इथे होता होय!" आत्या म्हणाली. तिच्या सासूबाईंचा. किती वर्षं ती तो माळ्यावर शोधत होती.

गंमत अशी, की हीच आत्या चैत्रगौर इतकी सुंदर मांडायची की हळदीकुंकवाला आलेल्या बायका डाळ-पन्हं हातात घेऊन तिथेच रेंगाळायच्या. मागे डबे पालथे घालून केलेल्या पायऱ्या, त्यांवर जरीची जुनी साडी, मधोमध झोपाळ्यात गौर, दोन बाजूंना समया, पुढे कातरलेलं कलिंगड, ओले हरभरे, चार खेळणी. नजर कुठूनही शिरली तरी फिरून गौरीपाशीच यायची. ती झाली आरास. रुखवताचं तसं नसतं. तिथे प्रत्येक वस्तू आपापलं कौतुक मागत असते, कारण मुलीकडच्यांनी काय काय केलं हे दाखवणं हाच त्याचा हेतू. कार्यालयात चार तास ते शोभतं. आपल्या बहुतेक शोकेसचं दुखणं हेच, की तिथे बारा महिने रुखवत मांडलेलं असतं. आरास कशी करायची हे आपल्याला येतं, फक्त फळीसमोर उभं राहिलं की आठवत नाही.

पुढे लिहिते आहे ते शोकेस रिकामी करून पुन्हा मांडायला लागलेल्या दोन दिवसांचं काम, आणि त्याआधी माझ्या पुण्याच्या घरात खाल्लेल्या ठेचा. तुमच्याकडे टीव्ही युनिट असो, भिंतीवरची एकच फळी असो, की गावच्या घरातलं भिंतीच्या जाडीत बसवलेलं फडताळ असो, क्रम हाच राहतो.

पहिला दिवस, सकाळ: सगळं खाली

आधी मोबाइलवर आहे त्या स्थितीचा फोटो काढा. पुढे तो लागणार आहे. मग जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि सगळे कप्पे एकदम रिकामे करा. एकेक कप्पा घेऊ नका. एकच कप्पा काढला की पुसून हात आपोआप तीच वस्तू त्याच जागी ठेवतो. पूर्ण रिकामी शोकेस बघितली की मात्र हा मोह होत नाही, उलट थोडी धडकीच भरते. भरू द्या.

चादरीवर चार ढीग करा. एक, मांडण्यासारख्या वस्तू. दोन, वापरायच्या वस्तू, ज्या खरं तर स्वयंपाकघरात असायला हव्यात. तीन, जपायच्या पण दिसायला नकोत अशा: औषधांच्या चिठ्ठ्या, चार्जर, सोसायटीच्या पावत्या, लग्नाचे अल्बम. चार, निरोपाच्या.

अवघड असतो तो चौथा ढीग, आणि त्यातही भेटी आणि स्मृतिचिन्हं. "वरच्या मजल्यावरच्यांनी दिलाय तो, त्या आल्या आणि दिसला नाही तर?" हा प्रश्न येणारच. माझा अनुभव सांगते: देणाऱ्याला बहुतेकदा आठवतही नसतं. आतोबांच्या सात स्मृतिचिन्हांपैकी एक ठेवायचं ठरलं, निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं. कोणतं ते त्यांनीच निवडलं, आम्ही मध्ये पडलो नाही. बाकीच्यांचे फोटो काढले, दोघांवरच्या नावाच्या पितळी पट्ट्या स्क्रू काढून सोडवल्या आणि अल्बममध्ये ठेवल्या. लेमन सेट दुसऱ्या ढिगात गेला आणि त्याच संध्याकाळी त्यातून आम्ही कोकम सरबत प्यायलो. एक पेला फुटला. पाच उरले, आणि ते आता रोज वापरात आहेत.

तिसऱ्या ढिगासाठी झाकणाचे डबे किंवा वेताच्या टोपल्या लागतील. त्यांची मापं आत्ताच लिहून ठेवा: कप्प्याची रुंदी, खोली, आतली उंची. टोपली आधी आणायची आणि ती अर्धा इंच उंच भरायची, हा प्रकार मी दोनदा केला आहे.

दुपार: फळीला किती पेलतं

रिकाम्या फळीला खाली वाकून समोरून बघा. मधे पोट सुटलं असेल तर ते आधी निस्तरायला हवं.

आपल्याकडे फर्निचरला साधारण १८ किंवा १९ एमएमचा प्लाय वापरतात. त्याची पुस्तकांची फळी आधाराशिवाय अडीच फूट, फार तर तीन फूट ठेवावी. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) असेल तर दोन फुटांच्या पुढे जाऊ नका. फूटभर पुस्तकं सहज आठ-दहा किलो भरतात, म्हणजे तीन फुटांच्या फळीवर तुम्ही तांदळाचं मोठं पोतं कायमचं ठेवलेलं असतं. आणि वाक लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. दर फुटाला वजन तेवढंच ठेवून दोन फुटांची फळी चार फुटांची केली, तर ती दुप्पट नाही, १६ पट वाकते. उपाय स्वस्त आहे: सुताराला सांगून फळीच्या पुढच्या कडेला खालून दीड इंच रुंदीची पट्टी उभी मारून घ्या, किंवा मधोमध एक उभा आधार द्या. आत्याच्या पाच फुटी फळ्यांना मधे आधार नव्हता. खालच्या दोन फळ्यांखाली आम्ही उभे तुकडे बसवून घेतले. बाकीच्यांवर पुस्तकं ठेवायची नाहीत, असं ठरलं.

भिंतीवर नवी फळी ठोकणार असाल तर जरा थांबा, कारण इथे मी स्वतः आपटले आहे. माझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये हौसेने लावलेली तीन फुटी फळी सहाव्या आठवड्यात, रात्री केव्हातरी, पुस्तकांसकट खाली आली. प्लग भिंतीतून सोललेल्या केळ्यासारखे अलगद निघाले होते. भिंत सायपोरेक्स म्हणतात त्या हलक्या ब्लॉकची होती आणि बसवणाऱ्याने विटेच्या भिंतीला मारतात ते साधे प्लग मारले होते. मीही विचारलं नव्हतं.

भिंत कशाची आहे ते ड्रिलचा भुगा सांगतो. फळीमागे झाकलं जाईल अशा जागी एक भोक घ्या. आधी गिलाव्याचा करडा भुगा येईल, तो सोडून द्या. त्यानंतर लाल भुगा आला तर वीट. करडा, बारीक, आणि ड्रिल कुरकुरत कसंबसं पुढे सरकतंय, तर काँक्रीट. पांढुरका भुगा आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, तर हलका ब्लॉक. वीट आणि काँक्रीटला चांगला प्लग आणि दोन इंची स्क्रू पुरतो, पण त्यातला अर्धा-पाऊण इंच गिलाव्यातच जातो हे धरून चाला. गिलावा वजन पेलत नाही. हलक्या ब्लॉकसाठी वेगळे प्लग मिळतात, हार्डवेअरच्या दुकानात 'ब्लॉकच्या भिंतीसाठी' म्हणून मागा, आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. तरीही अशा भिंतीवर मी पुस्तकं ठेवत नाही.

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नको, वायरी तिथूनच जातात. बाथरूमच्या सामाईक भिंतीवरही नको. उंच, सुटं कपाट असेल आणि घरात चढणारं मूल असेल, तर कपाटाच्या वरच्या कडेला एल आकाराची पट्टी लावून ते भिंतीला बांधून टाका. त्यापुढे बाकी सजावट गौण.

ओल, ऊन आणि कसर

फोटोत सुंदर दिसणाऱ्या परदेशी फळ्यांना श्रावण सोसावा लागत नाही. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आधी ओल धरतात. अशा भिंतीला टेकून फर्निचर ठेवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. मागची बाजू प्लायने बंद असेल तर तिला वर-खाली दोन-चार भोकं पाडून घ्या, हवा खेळते. एमडीएफला (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाला) ओल लागली की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

पुस्तकं गच्च कोंबली की बुरशी धरते. ओळीत एक बोट शिरेल एवढी ढील हवी. कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड, लागू नये म्हणून पुस्तकांमागे वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या उन्हात सगळं एकदा बाहेर काढा. पुस्तकं मात्र थेट उन्हात नकोत, सावलीत वाऱ्यावर. थेट ऊन जिथे पडतं त्या कप्प्यात फोटो आणि कापडी वस्तू ठेवू नका. आत्याकडे पश्चिमेच्या खिडकीजवळचा लग्नाचा फोटो इतका उडाला होता की आतोबा त्यात जवळजवळ अदृश्य झाले होते. ("बरंच झालं, तेव्हा फार बारीक होतो," इति आतोबा.)

मांडायचं काय

दुकानात जायच्या आधी माळा बघा. मराठी घरात मांडण्यासारख्या वस्तूंचा तुटवडा नसतो. फुलपात्रं, कळशी, पानाचा डबा, पंचपाळं, वाती ठेवायची डबी, शेवेचा सोऱ्या, मापटं, जुना कंदील. यातलं काही 'अँटिक' म्हणून विकत घ्यायला गेलात तर चांगले पैसे मोजावे लागतील, आणि ती दुसऱ्या कोणाची तरी आजी असेल.

अडकित्ता काळा पडला होता. तो घासण्याची रीत अशी: चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ बोटाने लावायचं, दोन-तीन मिनिटं ठेवायचं, नारळाच्या शेंडीने हलक्या हाताने चोळायचं, धुवायचं, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून वर पाच मिनिटं पंख्याखाली ठेवायचं. या शेवटच्या पायरीत आळस केला की दुसऱ्या दिवशी डाग दिसतात. बिजागरीत पाणी राहिलं होतं, म्हणून तिथे खोबरेल तेलाचा थेंब सोडला. पहिल्या हाताला काळं पाणी निघालं, दुसऱ्या हाताला पात्याच्या वरच्या बाजूची बारीक नक्षी वर आली. आत्या चष्मा आणायला आत गेली.

मात्र सगळ्या पितळेला चिंच लावू नका. नव्या शोभेच्या वस्तूंवर बरेचदा पारदर्शक लॅकरचा हात असतो, आंबट लावलं की तो ठिकठिकाणी सुटतो आणि वस्तू महारोग झाल्यासारखी दिसते. त्यांना नुसतं ओलं फडकं पुरे. बिदरीच्या भांड्याला तर चिंच अजिबात नको. बिदरी ही जस्त आणि तांब्याची मिश्र धातू, वर चांदीची नक्षी. तिचं काळेपण म्हणजे मळ नव्हे. बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर वापरून ते मुद्दाम आणलेलं असतं. ते फिकं पडलं तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

विकत घ्यायचंच असेल तर एकच घ्या आणि जवळच्या हातातलं घ्या. सावंतवाडीची लाखेच्या रंगातली लाकडी फळं मला फार आवडतात. एका परडीत पाच-सहा ठेवली की तो कोपरा होऊन जातो. पुण्याच्या तांबट आळीत अजून ठोक्याची भांडी घडवतात, त्यातलं एक लहान घंगाळ खालच्या कप्प्यात छान बसतं. डहाणू-जव्हारकडचं वारली चित्र किंवा पिंगुळीच्या चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्टी सांगायची जुनी कला) पान घेतलंत तर फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. काच कागदाला टेकली की पावसाळ्यात दोन्ही चिकटतात, आणि सोडवताना रंग काचेकडे जातो. चिकटलेलं सोडवायला गेलेली एक मुलगी मला माहीत आहे. तीच हे लिहिते आहे.

कृत्रिम फुलांबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगते, ती धुवायची असतात. खऱ्या झाडांत कमी उजेडाला मनी प्लांट आणि स्नेक प्लांट टिकतात. मनी प्लांट बाटलीतल्या पाण्यात ठेवला असेल तर आठवड्यातून एकदा पाणी बदलाच. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

दुसरा दिवस: मांडणी

आता फळ्या पुसून कोरड्या, वस्तू स्वच्छ, आणि चहा झालेला.

पहिल्यांदा गौर ठरवा. म्हणजे सगळ्या शोकेसमध्ये नजर जिथे यायला हवी ती एक वस्तू. ती महाग किंवा मोठी असायला नको, पण तिच्यामागे गोष्ट हवी. आत्याकडे ताजमहालाने उमेदवारी केली होती, पण जागा अडकित्त्याला मिळाली.

तिची पातळी ठरवताना हे लक्षात घ्या, की आपल्या हॉलमध्ये माणसं उभी नसतात, बसलेली असतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात. त्या उंचीचा कप्पा म्हणजे तुमचा गाभारा. अगदी मधोमध नको, जरा डावीकडे किंवा उजवीकडे. बरोब्बर मधे ठेवलेली वस्तू देव्हाऱ्यासारखी दिसते आणि पुढे निरांजन ठेवावंसं वाटतं.

मग जड आणि मोठं खाली. टोपल्या, घंगाळ, आडवी मोठी पुस्तकं. डोक्यावर जड वस्तू असली की खोलीत बसणाऱ्याला उगीच दडपण येतं, आणि ती काढायला स्टूल लागतं. सर्वांत वरच्या कप्प्यात हलकं आणि थोडंच.

त्यानंतर मोठ्या वस्तू तिरक्या रेषेत पसरा: खालच्या कप्प्यात डावीकडे, त्यावरच्या कप्प्यात उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सगळं उंच एकाच बाजूला आलं की शोकेस कलल्यासारखी वाटते. रंगाचंही तेच. पितळेचा पिवळा एका कप्प्यात गोळा करण्यापेक्षा तीन कप्प्यांत थोडा थोडा दिसू द्या.

आता प्रत्येक कप्पा. इथे चैत्रगौरीच्या पायऱ्या कामाला येतात. टीव्ही युनिटचे कप्पे पंधरा-सोळा इंच खोल असतात आणि वस्तू पाच-सहा इंचांच्या, म्हणून मागे काळोख आणि पुढे गर्दी होते. मागच्या अर्ध्यात एक पाट ठेवा. हो, जेवायला बसायचा लाकडी पाट, माळ्यावर असेलच. तो नसेल तर दोन आडवी जाड पुस्तकं. त्यावर उंच वस्तू, खाली पुढे बुटकी. लगेच खोली दिसते. अडकित्ता आडवा असतो, म्हणून तो आम्ही लहानशा पाटावर ठेवला, मागे आत्याच्या इरकलीचा फाटक्या काठाजवळचा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून उभा केला आणि बाजूला एक सुपारीची वाटी. त्या कप्प्यात बाकी काही नाही. आत्या दोनदा पुढे होऊन काहीतरी ठेवायला गेली आणि दोनदा मागे आली.

उंचीचं माप: कप्प्याची उंची तीन भाग धरली तर सगळ्यात उंच वस्तू दोन भागांपर्यंत यावी. १५ इंची कप्प्यात १० इंचांची. वर किमान चार बोटं हवा हवी. लहान वस्तू तीन-तीनच्या गटात, एक उंच, एक मध्यम, एक बुटकी, आणि एकमेकींना जवळजवळ खेटून. समान अंतरावर ओळीने मांडल्या की दुकान होतं.

पुस्तकांसाठी दहा इंच खोली आणि आतून साडेदहा-अकरा इंच उंची पुरते. नेहमीच्या आकाराची मराठी पुस्तकं साडेआठ इंचांच्या आसपास असतात, दिवाळी अंक जरा उंच. पुस्तकं मागे ढकलून ठेवायची सवय सोडा. सगळ्यांचे कणे फळीच्या कडेपासून इंचभर आत, एका रेषेत आणा. एवढ्या एका कामाने अर्धी शोकेस नीटनेटकी दिसते. थोडी उभी, थोडी आडवी ठेवा. दिवाळी अंक आडवेच बरे, उभे केले की माना टाकतात. पुस्तकं रंगाप्रमाणे लावायची एक टूम आहे. ज्या घरात पुस्तकं वाचत नाहीत तिथे ती चालेल.

सगळं झालं की पाच पावलं मागे जा, मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. रंग गेले की कुठे काळा गठ्ठा झाला आहे आणि कुठे भोक पडलं आहे ते चटकन कळतं. कालच्या फोटोशेजारी ठेवून बघा. मग शेवटची पायरी, जी कोणालाच आवडत नाही: प्रत्येक कप्प्यातून एक वस्तू उचला. कुठली उचलायची ते समजत नसेल तर कालचा फोटो बघा. जी वस्तू त्यातही नजरेत भरली नव्हती, ती.

किती ठेवायचं याचं माझं माप धुळीचं आहे. एक कप्पा पुसून परत लावायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर वस्तू जास्त आहेत. हे माप जो पुसतो त्याने ठरवायचं. १४३ पैकी आत्याकडे ४१ राहिल्या.

उजेड

छताच्या मधोमध पांढरी ट्यूब असेल तर सगळी मांडणी सपाट दिसते, सावलीच पडत नाही. फळीसाठी पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा उजेड घ्या. पाकिटावर हा आकडा छापलेला असतो. एलईडीची पट्टी लावणार असाल तर फळीच्या पुढच्या कडेला खालून, तोंड आतल्या बाजूला. बहुतेक जण ती मागे लावतात आणि मग वस्तू काळ्या छायाकृती होऊन बसतात. पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये आणि दुधी झाकणासकट बसवा, नाहीतर काचेत ठिपक्यांची माळ दिसते, मिठाईच्या दुकानासारखी. वायरिंग नको असेल तर एक साधा टेबल लॅम्प मधल्या फळीवर पुरतो.

बाकीची खोली, थोडक्यात

फळी चांगली झाली की बाकीची खोली खटकायला लागते. सगळं एकदम करू नका.

फ्रेमा आपण फार उंच लावतो, का कोण जाणे. बहुधा पूर्वजांचे फोटो दारावर लावायच्या सवयीने. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर आला की पुरे. सोफ्यावर लावताना पाठीपासून सहा ते आठ इंच वर. भोक पाडायच्या आधी फ्रेमेच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या.

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून नको. चार-सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर घेतला तर खिडकी मोठी दिसते आणि पडदा बाजूला सारल्यावर उजेड अडत नाही. लांबी जमिनीपर्यंत घ्या, पण इंचभर वर ठेवा, आपल्याकडे फरशी रोज पुसली जाते. सतरंजी किंवा गालिचा एवढा तरी हवा, की सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील. मधे एकटा पडलेला छोटा गालिचा पायपुसण्यासारखा दिसतो. सोलापुरी चादर सोफ्यावर नुसती टाकण्याऐवजी तिची तीन पदरी घडी करून एका हातावर सोडा.

भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर भिंतीला टेकवायची शिडीसारखी फळी किंवा बुटकं लांब कपाट घ्या. चिकटवायच्या हुकांवर भरवसा ठेवायच्या आधी हाताने भिंत चोळून बघा. तळहाताला पांढरं लागलं तर तो डिस्टेंपर किंवा चुना आहे, हुक पापुद्र्यासकट खाली येईल, आणि डिपॉझिटमधून कापले जातील ते पैसे वेगळेच.

एक कप्पा उठवता आला पाहिजे

बाहेरच्या देशातल्या कोणत्याच मार्गदर्शनात हे सापडणार नाही, पण आपल्या हॉलला वर्षातून काही दिवस रूप बदलावं लागतं. गणपती, गौरी, दसऱ्याला पाटीपूजन, दिवाळीत फराळाची ताटं. म्हणून मांडतानाच एक जागा अशी ठरवा की ती दोन मिनिटांत रिकामी होईल. त्या जागेवरच्या सगळ्या वस्तू एका मोठ्या ताटात किंवा ट्रेमध्येच मांडायच्या, म्हणजे ताट उचललं की जागा मोकळी. तिथून प्लग पॉइंट हाताशी हवा आणि वर किमान अडीच-तीन फूट मोकळं हवं, नाहीतर समईची आच वरच्या फळीला लागते. मखरासाठी जागेची लांबी-रुंदी लिहून फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने नोंदवून ठेवा. मूर्तीची ऑर्डर देताना दरवर्षी टेप शोधावी लागत नाही.

आत्याने शोकेसशेजारच्या बुटक्या कपाटाचा माथा त्यासाठी ठेवला. भाद्रपदात दीड दिवसाचा गणपती तिथेच बसला. ताट उचलून आतल्या खोलीत गेलं, शोकेस होती तशीच राहिली. दुपारी जेवणं झाल्यावर आतोबा उठले, काच सरकवून अडकित्ता काढला आणि कितीतरी वर्षांनी सगळ्यांसाठी सुपारी कातरली. झाल्यावर धोतराला पुसून तो त्यांनी लेमन सेटच्या एका पेल्यात उभा करून ठेवला. आत्या काही बोलली नाही. तिने विड्याचं ताट खाली ठेवलं, आणि अडकित्ता उचलून पुन्हा पाटावर ठेवला.